‘टी’पुढची रेघ

मेळ्यात आम्हाला जागा मिळाली ती पार टोकाला,
रजया विकणाऱ्यांच्या मागे.
एक टेबल, दोन खुर्च्या, हातमोज्यांचा खोका
आणि बॅनरवर लिव्हरचं चित्र.
एक पोरगा विचारून गेला, आमरस आहे का?
जानेवारीत. ग्वाल्हेरच्या थंडीत.

शेजारी कपूरीबाई गोंदत होती.
भिंडच्या पुढचं गाव तिचं.
बॅटरीवरचं मशीन, बाटलीच्या झाकणात हिरवी शाई,
सुई एक.
गिऱ्हाईक नव्हतं म्हणून मी मोजत बसले.
चार वाजेपर्यंत एकोणीस दंड:
मोर, नवऱ्याचं नाव, एका फौजी पोराला विंचू,
एक ‘माँ’, चंद्रबिंदू मागच्या बाजूला सरकलेलं.
प्रत्येकाला आधी बजावायची,
विचार करून सांग, हे चितेपर्यंत जातं.
नंतर सुई चिंधीला पुसायची.
तीच चिंधी.

माझ्याकडे छापील कागद होता, तो मी वाचला,
आम्हा शितोळ्यांच्या हिंदीत, जिला
चार पिढ्यांनंतरही फोडणीचा वास येतो.
रक्तातून पसरते ही कावीळ,
वर्षानुवर्षं काहीच दाखवत नाही, वगैरे.
ती म्हणाली, माझ्या सुईला रोज उदबत्ती ओवाळते मी.

गोंदणाऱ्यांच्या सुयांसाठी बजेटात रकाना नाही.
दुसऱ्या दिवशी पाटणकर बाजारातून मीच आणली
शंभर सुयांची पाकिटं. इर्शाद हसला,
मॅडम, पावती कुठे लावणार?
कपूरीबाईनं पाकिटं मोजून घेतली
आणि गोंदणामागे दहा रुपये वाढवले.

चौथ्या रात्री, पाळणे थांबल्यावर,
ती येऊन समोर बसली. बोट पुढे.
बोट पेरापर्यंत हिरवं. स्पिरिटनं पुसलं,
हिरवं तसंच.
थेंब पट्टीवर. वीस मिनिटं.
तोवर ती शेजारच्या रजया बघत राहिली.

‘सी’पुढे रेघ येते, सगळ्यांचीच येते.
मग ‘टी’पुढे, आधी भास, मग फिक्कट,
मग नक्की.
ती वाकून बघत होती, कारागिरासारखी.
म्हणाली, हात हलका आहे.
कुणी काढली ही लकीर?

मी सांगितलं ते सगळं सांगितलं:
ही शेवटची गोष्ट नाही, रक्त मोठ्या दवाखान्यात जाईल,
निघालाच तर चौऱ्याऐंशी दिवस गोळ्या.
गोळ्या फुकट. बसचं भाडं तुझं.
ती ऐकत नव्हती.
ती बाहेर बघत होती, जिथून ते दंड
स्वेटरच्या बाह्या खाली ओढत निघून गेले होते
मुरैनाला, डबऱ्याला, कुठकुठे.
एकोणीस माझ्या मोजणीतले.
तिच्या मोजणीतले तिनं सांगितले नाहीत.

निघालाच तो.
चौऱ्याऐंशी दिवस तिनं तंबूच्या एका तुकड्यावर
ठिपके मारले, बॉलपेननं.
मध्ये सहा दिवस उशीर झाला गोळ्यांना,
साठा आला नव्हता; तिथे सहा गोल आहेत, रिकामे.
पावसाळा संपताना कागद आला: व्हायरस नाही.
मी फोनवर वाचून दाखवला, दोनदा.

या वर्षी मेळ्यात आल्या आल्या बोट पुढे.
गरज नाही म्हटलं. ऐकेना.
वीस मिनिटं.
‘टी’पुढे रेघ, तशीच.
तिचा चेहरा उतरला. मी घाईघाईनं सांगू लागले,
अगं, तो गेलाय, ही फक्त रक्ताची आठवण,
ही पट्टीवर नेहमीच येणार, ही...

चितेपर्यंत जाते, ती म्हणाली.
आणि पट्टी मागून घेतली.
मी दिली नाही. ती पिवळ्या पिशवीत जाते.

आता तिच्या टपरीवर गिऱ्हाईक आलं की
आधी आमच्याकडे पिटाळते:
तिथं बोट दे, मग दंड घेऊन ये.
जुन्यांनाही तिनं निरोप धाडलेत, ज्याच्या त्याच्या गावी.
मोर आला. ‘माँ’ आली, आईलाच घेऊन.
नवऱ्याचं नाव आलं, नवरा बाहेर उभा राहिला.

विंचू अजून आलेला नाही.